डोकं धरेल तो मोजेल

व्हर्ना स्टबलफील्डच्या हातांकडे बघून तिचं वय कळायचं नाही, काम कळायचं. ओहायोतल्या टायरच्या कारखान्यात अकरा वर्षं, आणि तो बंद पडल्यावर विद्यापीठाच्या हॉस्पिटलात, अपघात विभागात, सत्तावीस वर्षं. काम एकच. माणसं उचलायची, वळवायची, सरकवायची. दर जुलैला तिथे नवे डॉक्टर शिकायला येत. कोरा डगला, कोरी अक्कल, असं ती म्हणायची, आणि हळू आवाजात म्हणायची नाही.

जखमींना आधी आणत त्या खोलीचा एक नियम होता. आपटून आलेल्या माणसाची मान मोडली आहे की नाही, हे आधी कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून पाठ तपासायला कुशीवर घेताना त्याला ओंडक्यासारखा एकसंध वळवायचा. एकजण डोकं धरतो, तिघं अंग. डोकं धरेल तो मोजेल. बाकीच्यांनी तोंड मिटून त्याच्या 'तीन'वर हात चालवायचे.

जुलैच्या दोन तारखेला, भर दुपारी, छपरावरून पडलेला एक गडी आला. डोक्याशी नर्स कॉलीन, खांद्याशी व्हर्ना, कमरेशी नवा डॉक्टर ऑल्ड्रिच, पायांशी एक विद्यार्थिनी. कॉलीन अजून पकड बसवत होती, तेवढ्यात ऑल्ड्रिच ओरडला, "एक, दोन, तीन!" आणि त्याने ओढलं.

व्हर्ना हलली नाही. मान पिळू नये म्हणून तिने खांदा दाबून धरला. कंबर वळली, छाती तिथेच राहिली. गडी गुरासारखा ओरडला.

"ओ बाई, बहिऱ्या आहात का?"

"कान शाबूत आहेत, डॉक्टरसाहेब. तुम्हीच चुकीच्या टोकाला उभे राहून बोंबलताय."

"भांडण नंतर," कॉलीन म्हणाली. "माझ्या तीनवर. एक, दोन, तीन." आणि गडी ओंडक्यासारखा वळला.

स्कॅनमध्ये मान धड निघाली. तीन बरगड्या तुटल्या होत्या. संध्याकाळच्या आत ऑल्ड्रिचने तक्रार लिहून दिली: ऐनवेळी बाईने अंग काढून घेतलं, रोग्याला विनाकारण यातना झाल्या. यातना झाल्या हे खरंच होतं. व्हर्नाला तेच झोंबलं.

विभागाच्या प्रमुख सर्जन, डॉक्टर साबो, यांनी तिला बोलावून घेतलं. बस म्हणाल्या नाहीत.

"मान धड होती, व्हर्ना."

"ते नंतर कळलं. वळवताना तुम्हाला ठाऊक होतं?"

"नियम तुझ्या बाजूने आहे. पण सगळ्यांदेखत त्याची लाज काढलीस. सोमवारच्या बैठकीत माफी माग, विषय संपला. नाहीतर या खोलीतून बाहेर. मोठ्या दाराशी व्हीलचेअर ढकलायच्या. मला त्याला पाच वर्षं घडवायचंय."

"आणि मी वापरून झाले."

"तसं मी म्हटलं नाही."

"म्हणायला कशाला हवं? झिजलेल्या टायरला कुणी सांगत बसत नाही, काढून टाकतात."

रविवारी चर्चमधून आल्यावर बहीण ओपल म्हणाली, "दोन शब्दांनी जीभ झिजेल का ग तुझी? त्या खोलीशिवाय तुला जगायला तरी येतं का?"

येत नव्हतं. व्हर्नाला ते माहीत होतं. घेवडा शिजत होता तेवढा वेळ तिने "चुकलं माझं" म्हणून पाहिलं. शेगडीसमोरही ते तोंडातून सरळ निघेना.

सोमवारी वीस माणसं, कॉफी, डोनटचा खोका. व्हर्ना उभी राहिली.

"त्या माणसाला दुखलं. त्याची माफी मी त्याच्या खाटेशी जाऊन मागितली. इथे मागायची तर पुढच्या वेळी यांच्या आकड्यावर मला हलावं लागेल. मी हलणार नाही."

"मग पुढची वेळच नको," ऑल्ड्रिच म्हणाला. कुणीतरी कॉफीच्या पेल्यात हसलं. साबोबाईंनी पुढचा कागद उचलला. कॉलीन आपल्या बुटांकडे बघत होती.

दुसऱ्या दिवसापासून व्हर्ना मोठ्या दाराशी. तिथले लोक खुर्च्या वाटेल तिथे सोडून द्यायचे, ब्रेक न लावता, पायपट्ट्या लोंबत. तिने आठवड्याभरात त्यांच्याशीही वाकडं घेतलं. काम हलकं आहे म्हणून ढिसाळ करायचं, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय, असं ती विचारायची. कुणी तिच्याशेजारी बसून डबा खात नसे.

ऑक्टोबरात कॉलीन बाहेर सिगारेट ओढायला आली. तीन महिन्यांत पहिल्यांदाच.

"ऐकलंस का? तुझा ऑल्ड्रिच आता मोजत नाही. कंबर धरून माझ्या तोंडाकडे बघत थांबतो. काल एका विद्यार्थ्याने मोजायला सुरुवात केली, तर त्याच्यावर असा खेकसला, थेट तुझ्यासारखा."

"तू त्या दिवशी बैठकीत गप्प होतीस."

कॉलीनने राख झटकली. "मला घर आहे, व्हर्ना."

"मलाही होतं. ती खोली."

कॉलीनने थोटूक बुटाखाली विझवलं. मग कॉलीन म्हणाली, "तुझं नाव मात्र घेत नाही तो. एकदाही नाही."

"घेऊ नये. तोंड बंद ठेवायलाच शिकवलं होतं त्याला."

दाराशी एक म्हातारा गाडीतून उतरत होता. व्हर्नाने खुर्ची त्याच्या मागे नेली, दोन्ही ब्रेक पायाने दाबले, हलवून पाहिले.

"मी सांगेन तेव्हाच बसायचं," ती त्याला म्हणाली. "मोजणार मी."