गुडाखू म्हणे दातवन

गोंदियाच्या डॉक्टरीणबाईंनी आईचा खालचा ओठ उलटा करून आतला पांढरा डाग बोळ्याने घासून पाहिला. तो निघाला नाही. "ल्युकोप्लाकिया," त्या म्हणाल्या. म्हणजे तंबाखूच्या सततच्या माऱ्याने जाड, पांढरी पडलेली कातडी. बुरशीचा डाग बहुधा साईसारखा पुसला जातो, हा जात नाही. याचा पुढे कर्करोग होऊ शकतो.

गोंदियाजवळच्या आमच्या गोरेगावात हे कुणाला ठाऊक नव्हतं, सल्ले मात्र घरोघरी तयार. तोंडात काहीही दिसो, नाव एकच: गरमी. काकूने जाईचा पाला चघळायला लावला, दुकानदाराने ताकदीच्या गोळ्या दिल्या. उचलली जीभ, लावली टाळ्याला. दुखत नाही ना, मग काही नाही, हेही वर. अरे शहाण्यांनो, तोंड आलं की झोंबतं आणि दोन आठवड्यांत बरं होतं. न दुखता ठाण मांडून बसतो, तोच डाग डॉक्टरला दाखवायचा असतो.

गावच्या डॉक्टरने विचारलं होतं, तंबाखू खाता? आई ताठ मानेने नाही म्हणाली. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन भिंती रंगवणाऱ्यांचा तिला तिटकारा. या बाईंनी वेगळंच विचारलं.

"आजी, दात कशाने घासता?"

"गुडाखूनं."

"वही तो तंबाखू है, आजी. गूळ घातला म्हणून काय झालं?"

"गुडाखू तमाखू नोहे," आई म्हणाली. "दातवन आहे."

तो काळा लगदा आमच्याकडच्या बायका दिवसातून चारदा हिरड्यांना चोळतात आणि वर खर्रा खाणाऱ्यांना नावं ठेवतात.

बायोप्सी झाली, म्हणजे डागाचा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत मला अन्न गोड लागलं नाही. आईचा जबडा गेला तर, एवढंच डोक्यात. रिपोर्टमध्ये निघालं डिसप्लेशिया: पेशी बिघडू लागल्या होत्या, पण कर्करोग नव्हता. बाईंनी तो भाग कापून काढला, गुडाखू बंद केला आणि तपासणीला येत राहायला सांगितलं. वेगळा प्रश्न विचारला म्हणून मी त्यांची जन्माची ऋणी आहे.

गुडाखूची डबी मी नाल्यात फेकली. त्यावरून आई अजून मला शिव्या घालते, शेजारणींना ऐकू जातील अशा, एकेक अक्षर स्वच्छ.

घालू दे. शिव्या घालायला तोंड शाबूत आहे.