‘सी ऑफ’चा माझा अर्थ

माझा स्वभाव हेकट, हे मी कबूल करतो. पण ‘सी ऑफ’च्या बाबतीत मी जो हेका धरला, त्याचा मला आजही अभिमान वाटतो.

मी मूळचा धारचा. देवासला धाकट्या पातीतल्या एका शाळेत इंग्रजीचा हंगामी मास्तर म्हणून लागलो होतो. थोरली पाती आणि धाकटी पाती, अशी एकाच गावात दोन राज्यं. रस्त्याच्या अर्ध्यात एकाची हद्द संपे आणि दुसऱ्याची लागे. वर्षाअखेरीस तपासणीला येणाऱ्या साहेबाचा शेरा चांगला पडला तर मी कायम, नाहीतर वळकटी बांधून धारला परत.

तपासणीला आठवडा उरला असताना धड्यात ‘सी ऑफ’ आलं. हेडमास्तरांनी अर्थ लिहून दिला होता, ‘निरोप देणे’. मला तो पुरेना. ‘सी’ म्हणजे पाहणे, ‘ऑफ’ म्हणजे दूर. तेव्हा जाणारा दूर जाईपर्यंत पाहत राहणे, हा खरा अर्थ. निरोप काय, ओट्यावर बसूनही देता येतो. आमच्या घरचं कुणी गावाला निघालं की आई वेशीपर्यंत यायची. गाडी सरदारपूरच्या रस्त्याला लागून दिसेनाशी झाली की मगच वळायची, आणि तोवर घरात कुणी केरसुणीला हात लावायचा नाही. ज्या इंग्रजानं हा शब्द पहिल्यांदा उच्चारला, त्याच्या आईचीही हीच रीत असणार, असं मी वर्गाला ठणकावून सांगितलं.

हेडमास्तर दारात उभे राहून ऐकत होते. म्हणाले, “मास्तर, अर्थ सांगा, पुराण नको. तपासणीत पोरांनी हे असलं सांगितलं, तर तुमचं तुम्ही निस्तरा.”

साहेबानं नेमका तोच शब्द विचारला. वर्गातल्या एकानं उभं राहून माझाच अर्थ घडाघडा सांगितला. हेडमास्तर लगेच पुढे सरसावले, “मास्तर हंगामी आहेत, नवे आहेत. चूक सुधारतील, साहेब.”

साहेबानं माझ्याकडे पाहिलं. ‘चुकलं’ एवढं एक म्हटलं असतं तर सगळं निभावून गेलं असतं. मी म्हणालो, “चूक नाही, साहेब. मीच शिकवलंय तसं.” साहेबानं वहीत काहीतरी खरडलं आणि पान उलटलं. गेली नोकरी, असं मी मनाशी धरून चाललो.

दुपारी रिवाजाप्रमाणे आम्ही सगळे, मास्तर आणि पोरं, साहेबाला हद्दीपर्यंत पोचवायला गेलो. हारतुरे झाले. टांगा पलीकडच्या राज्यात शिरला आणि आपलं काम संपलं म्हणून मंडळी वळली. ऊन रणरणत होतं, पोटात कावळे ओरडत होते. मी तिथेच उभा राहिलो. खरं सांगायचं तर रागानं राहिलो. नोकरी जायची तर जाऊ दे, पण पोरांना जे सांगितलं ते मी स्वतःच्या हातानं खोटं पाडणार नव्हतो. बराच लांब गेल्यावर साहेबानं मागे वळून पाहिलं, आणि टोपी काढून वर धरली.

कायम झाल्याचा हुकूम पंधरा दिवसांनी हातात पडला. शेऱ्यात काय होतं ते मला कुणी दाखवलं नाही, मी विचारलंही नाही. माझा मान मला त्या दुपारी, त्या रस्त्यावरच मिळाला होता.

झालं असं, की मागून हेडमास्तरांचा आवाज आला, “चला, उन्हात काय उभे राहिलात?” मला वाटलं मलाच म्हणताहेत. वळून बघतो तर माझा अख्खा वर्ग माझ्या पाठीशी उभा. प्रत्येकाचा हात कपाळावर आडवा, डोळे रस्त्याकडे. त्यातला एक मान न वळवता माळवीत म्हणाला, “जरा ठेरो माड़साब, टांगो अबी दिखी रियो हे.”