वाटी नव्हे, विहीर

धाकटीचा हट्ट घरात सगळ्यांच्या चांगला ओळखीचा. शाळेत चित्रकलेच्या बाईंनी फळ्यावर तीन त्रिकोण काढले आणि "हे डोंगर" म्हणाल्या, तर ही म्हणते कशी, "बाई, खिडकीतून दिसतोय तो असा नाहीये." झालं, तासभर वर्गाबाहेर उभी. पण तिथून डोंगर आणखीच नीट दिसत होता, त्यामुळे तिचं काही बिघडलं नाही.

मोठेपणी ती व्हिडिओ गेममधल्या जागा रचू लागली. गल्ल्या, गुहा, पडके किल्ले. तिच्या भिंतीवर शेवाळ चढायचं ते पाणी झिरपतं तिथेच. संध्याकाळची चंद्रकोर असली, तर तिची उजळ बाजू मावळतीकडेच. खेळणाऱ्यांचा सगळा जीव तलवारीत. शेवाळाला कोण विचारतो? धाकटीला त्याचं काडीइतकंही वाईट वाटत नसे.

घोडं अडलं ते विहिरीपाशी. नव्या गेममध्ये तिने एक खोल, पायऱ्यांची विहीर केली. आत दगड टाकला की तीन सेकंद चिडीचूप, आणि मग 'डुबुक'. एवढं खाली जायला दगडाला तेवढा वेळ लागणारच. गेम तपासणाऱ्यांनी मात्र कळवलं, आवाज उशिरा येतो, बिघाड आहे.

साहेबांनी बोलावून घेतलं. "आवाज लगेच आला पाहिजे. नाहीतर उद्या विहीर बुजवून टाकतो."

घरी आई म्हणाली, "अगं, दे की करून. तुझ्या विहिरीवर कोण पाणी भरायला येणार आहे?"

"आई, लगेच वाजली तर ती विहीर नाही, वाटी झाली."

सकाळी ती तडक साहेबांच्या खोलीत गेली आणि खेळायचा कंट्रोलर त्यांच्या हातात ठेवला. "बुजवायच्या आधी एक दगड टाका."

साहेबांनी बटण दाबलं. दगड अंधारात गेला. खोलीत पंख्याची तेवढी घरघर. साहेब खुर्चीत हळूहळू पुढे सरकले, मान लांबवली, नाक पडद्याला टेकायचंच काय ते राहिलं.

डुबुक.

"वाकलात ना?" धाकटी म्हणाली. "वाटीत कोणी वाकून बघत नाही."

साहेब मागे टेकले. घसा खाकरला. "बरं, राहू दे विहीर. पण दोन सेकंद करा."

"दगड पडताना वेग धरतो; दोन केले तर ती निम्मीही खोल राहणार नाही. मग आतल्या पायऱ्या नव्याने तुम्हीच काढा. मी काढणार नाही."

साहेबांनी दुसरा दगड टाकला आणि पुन्हा वाकले.