डबा कानाशी धरणारे नाना

डबा हातात आला की नाना आधी तो कानाशी धरायचे. डोळे मिटायचे आणि हळूच हलवायचे. आत खुळखुळ वाजलं की तोंड वाकडं. "काहीतरी तुटेल शे." आणि नाही वाजलं तरी तोंड वाकडंच. "आवाज नही, म्हणजे आत काही कमी शे का, ते देखाले पाहिजे." आता अशा माणसाला तुम्ही काय म्हणाल!

मी तेव्हा दीपनगरला नवीनच होते. चोपड्याहून आलेली, सातवीपर्यंत शिकलेली. हे विजेच्या प्लांटात शिफ्टला, घरात मी आणि रांगणारी पोरगी. प्लांटची वाफ मोठ्यानं सुटली की मला वाटायचं फुटलं काहीतरी, पोरीला उचलायची आणि थेट ओट्यावर. समोरच्या क्वार्टरातून नाना ओरडायचे, "काही नही व्हयनं, माय. वाफ शे." त्यांचं ते ऐकलं की मगच मी आत जायची.

नाना धुळ्याकडचे. घरचे सगळे तिकडं, हे इथं एकटे. प्लांटच्या स्टोअरला होते. बाहेरून माल आला की तपासायचा, ओके म्हणायचं नाहीतर रिजेक्ट करायचा, हेच त्यांचं काम. आणि सुट्टीच्या दिवशी जळगावला जायचे. तिथं एका खेळण्यांच्या दुकानात मुंबईहून विमानांचे डबे यायचे. वर झोकात रंगवलेलं विमान आणि आत बघाल तर नुसते प्लास्टिकचे तुकडे. केळीच्या फण्या घडाला असतात ना, तसे पंख, शेपटी, चाकं एका प्लास्टिकच्या काडीला लटकलेली. ती तोडायची, चिकटवायची, की झालं विमान.

पण नानांचं कुठलं होतंय विमान! ते आमच्या ओट्यावर बसायचे, कारण तिथं उजेड चांगला. पंख काचेवर ठेवून कुठं उचललाय ते बघायचे. भिंग लावून कडा बघायचे. विमानाची इवलीशी काच उन्हात धरायची, ओरखडा शोधायचा, आणि तो सापडायचाच. मग म्हणायचे, "रिजेक्ट." डबा बंद, माळ्यावर. सगळा माळा डब्यांनी भरलेला आणि घरात एक विमान नाही.

मला असा राग यायचा! मी म्हणायची, "अहो नाना, एक तरी चिकटवा ना. माझी पोरगी बघेल तरी."

"कसं चिकटवू, माय? पंख देखा. वाकडा शे."

"मला तर सरळ दिसतोय."

"तुले काय, तुले बठ्ठं सरळच दिसस."

"दिसतं सगळं सरळ, मग काय वाईट आहे त्यात?"

नाना हसायचे आणि पुन्हा भिंग लावायचे.

त्या दिवशी जळगावहून एक डबा घेऊन आले. तेच विमान आधी आणलं होतं, पंख वाकडा म्हणून रिजेक्ट केलं होतं, तर आता त्याचाच दुसरा डबा. बसले ओट्यावर. मी तांदूळ निवडत होते. नानांनी डबा उघडला, भिंग काढायला खिशात हात घातला, तेवढ्यात पोरगी रांगत गेली, चाकांची काडी उचलली आणि तोंडात! मी ताट टाकून धावले, काडी ओढून काढली. बघते तर एका टोकाला चाक आणि दुसरं टोक रिकामं.

मी पोरीच्या तोंडात बोट घातलं. काही नाही. ओटा झाडला, डबा उलटा केला, नानांचं धोतर झटकायला लावलं. काही नाही.

"नाना, चाक होतं का हो? डब्यात आधीपासून दोन होती का?"

नानांनी पुन्हा डबा उलटा केला.

"अहो सांगा ना! तुम्ही तर दुकानातच एकेक तुकडा बघून घेता."

"आज नही देखं, माय. दुकानदार कावना, म्हणे घरी जाईसन देखा."

बघा आता! वर्षानुवर्षं दुकानदाराचा जीव खाल्ला या माणसानं, आणि नेमकं त्याच दिवशी न बघता डबा आणला.  मी पोरीला छातीशी धरून दवाखान्यात पळाले, नाना मागं अनवाणी. डॉक्टर म्हणाले, श्वास नीट आहे, घाबरू नका, पण प्लास्टिक एक्स-रेच्या फोटोत दिसत नाही. केळी चारा आणि वाट बघा. खोकली किंवा उलटी झाली तर लगेच आणा.

वाट बघा म्हणे! मी घरी येऊन रडायलाच बसले. पोरगी हसतेय आणि मी रडतेय. तेवढ्यात नाना माळ्यावरचा तो पहिला, वाकड्या पंखाचा डबा घेऊन आले. काडीचं चाक मोडलं, मला दाखवलं. "एवढंच शे. देख, कडा गोल शेतस." आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी ते तोंडात टाकलं आणि माझ्या तांब्यातलं पाणी प्यायले.

"गयं पोटमा. आते दोन्हीसनं देखू."

"अहो नाना! तुमचा गळा केवढा, तिचा केवढा! यानं काय कळणार आहे?"

"काही नही कळाव," म्हणाले. "पण तू एकटी कसाले घाबरशी?"

मग रोज सकाळी ओट्यावरून त्यांची हाक, "काय शे, माय?" मी म्हणायची, "नाही हो अजून." दोघंही केळी खायची, पोरगी आणि नाना. मी जेवत नव्हते की झोपत नव्हते, ती जरा ठसकली की माझा जीव जायचा.

आणि एका सकाळी पोरीच्या लंगोटात चाक! मी तिथूनच ओरडले. नाना धावत आले. त्यांनी स्वतः साबणानं धुतलं, पुसलं आणि भिंग लावलं. अहो, तेव्हासुद्धा भिंग! उलटं केलं, पालटं केलं. मी म्हटलं, आता याच्यातही खोट काढतात की काय.

"ओरखडा नही. कड साफ शे," म्हणाले. "ओके."

नानांच्या तोंडून ओके मी तेवढं एकदाच ऐकलं. त्यांचं चाक कुठं गेलं ते बाईमाणसानं कसं विचारायचं, मी नाही विचारलं.

त्याच दिवशी त्यांनी ते चाक लावून विमान चिकटवलं. बोटं एकमेकांना चिकटली, काचेवर डाग पडला, एक पंख वर राहिला. भिंग खिशातच. "आते काहीच सुटं ठेवणं नही," एवढंच पुटपुटत होते.

रिटायर होऊन धुळ्याला गेले तेव्हा ते विमान पोरीच्या हातात देऊन गेले. बाकीचे डबे ट्रकमध्ये चढवताना एकेक कानाशी धरून हलवत होते. ट्रकवाला वैतागला, मीही वैतागले. म्हटलं, "नाना, चला की आता, ऊन होईल."

पोरगी आता शाळेत जाते. परवा हे ड्युटीवरून आले ते दारातच उभे राहिले. म्हणाले, नाना गेले, प्लांटात कळलं.

मी पोरीच्या फळीवरून विमान काढलं, कानाशी धरलं, डोळे मिटले आणि हळूच हलवलं.

काहीच वाजलं नाही.