लवूभाऊंचा हात

आमच्या मागच्या गल्लीत लवूभाऊ राहतात. बत्तीस वर्षं गाडी चालवली त्यांनी. आधी दुसऱ्याची जीप, मग स्वतःची. आमच्या घरचं प्रत्येक बाळंतपण, प्रत्येक लग्न, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळं त्यांच्याच गाडीतून पार पडलं. मागच्या सीटवर कुणी पेंगायला लागलं की ते रेडिओ बारीक करायचे. स्वतः मात्र कधी जांभईसुद्धा देताना दिसले नाहीत.

त्यांचे दोन्ही मुलगे मुंबईत टॅक्सी चालवायला गेले. थोरला नितेश दोन वर्षांपूर्वी शिमग्याला गावी यायला निघाला. दिवसभर भाडी मारली आणि तसाच हायवेला लागला, कारण सकाळी पालखी दारात यायची होती आणि खांदा द्यायला घरातलं कुणीतरी हवं. निवळीच्या घाटात पहाटे त्याचा डोळा लागला, तो घरी पोचलाच नाही. पालखी त्या वर्षी त्यांच्या दारावरून तशीच पुढे गेली.

गावातले लोक काहीबाही बोलले. घाटातल्या वळणावर देवाचं ठिकाण आहे. तिथं आमच्याकडचा प्रत्येक ड्रायव्हर गाडी हळू करतो, दोनदा हॉर्न देतो आणि हात छातीला लावून पुढे जातो. नितेशनं म्हणे ते केलं नाही. हे कानावर आलं तेव्हा लवूभाऊ आमच्या ओट्यावर बसले होते. म्हणाले, "झोपलेल्या माणसानं हात कसा जोडायचा, वयनी? देवाचं काय त्यात? पोरगा दमला होता."

धाकटा रितेश अजून तोच धंदा करतो. तशाच वेळा, तोच रस्ता.

गेल्या दिवाळीनंतर पुण्याची एक कंपनी इथं आली, आपली आपण चालणारी गाडी घेऊन. टपावर कॅमेरे, आत पडदा. रत्नागिरी ते संगमेश्वर अशा फेऱ्या मारून बघायच्या होत्या: अरुंद रस्ता, घाट, मध्येच बसलेली गुरं, लाल मातीनं पुसलेले पट्टे, हे सगळं तिला जमतं का ते. स्टिअरिंगसमोर रस्त्याचा माहीतगार माणूस बसवायचा होता. त्यानं नुसतं बसायचं, गाडी चुकतेय असं वाटलं तरच हात घालायचा. जीपच्या स्टँडवर कुणी तयार होईना. लवूभाऊ गेले.

त्या संध्याकाळी ते मला सांगायला आले तेव्हा कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा जरा खुलला होता. "वयनी, तिला झोप येत न्हाय. वीस तास चालवा, डोळा लागणार न्हाय. दोन-चार वर्षांत मुंबईच्या गाड्यांना ही यंत्रं बसतील असं तो इंजिनियर बोलला. मग रितेश नुसता बसून येईल. झोपला तरी येईल."

माझ्याही मनात आलं, खोटं कशाला बोलू? मला गाडी येत नाही. सासूबाईंना गुडघ्याच्या व्यायामासाठी डॉक्टरांकडे न्यायचं तर ह्यांच्या सुट्टीची वाट बघावी लागते. अशी गाडी दारात उभी राहिली असती तर मलाही हवीच होती.

स्टँडवर मात्र आग लागली. काशीराम म्हणजे तिथला सगळ्यात जुना ड्रायव्हर, जिभेचा तिखट. सगळ्यांसमोर म्हणाला, "शिकव बाबा, शिकव तिला. आणि ती चाय पीत न्हाय म्हणतात, तेवढं रावजीला सांगून ठेव. टपरी बंद करून कुठं जाईल तो?"

रावजी गाळणी आपटत म्हणाला, "मी त्या गाडीत बसून फिरेन. तुम्ही चाळीस जण काय कराल ते बघा."

सगळे हसले, पण त्या दिवसापासून लवूभाऊंना स्टँडवर भाड्याचा नंबर मिळेना. दमयंतीवहिनी, म्हणजे त्यांची बायको, नळावर मला म्हणाली, "लोकांच्या पोटावर पाय आणतोय म्हणतात ह्यांना. आमच्या पोटचा गेला तेव्हा कुठं होते सगळे?" चाळीस घरांचं म्हणणं खोटं नव्हतं आणि तिचंही नव्हतं. मी कळशी भरून घेतली.

तीन महिने फेऱ्या झाल्या. लवूभाऊ रोज येऊन कौतुक सांगायचे, शाळेतल्या पोराचं सांगावं तसं. आज गाय बघून आपसूक थांबली. आज समोरून एसटी आली तर अंग चोरून उभी राहिली.

मग एक दिवस स्वरूप, तो तरुण इंजिनियर, त्यांच्या घरी आला. दमयंतीवहिनीनं चहाला दूध मागायला माझ्याकडे माणूस पाठवला, म्हणून मीच दूध घेऊन गेले होते. स्वरूपच्या मांडीवर लॅपटॉप होता.

"काका, एकशे दहा फेऱ्यांमध्ये घाटातल्या या एका वळणावर तुम्ही जाता-येता प्रत्येक वेळी ब्रेक मारलाय. स्टिअरिंग तुमच्या हातात घेतलंय. गाडी तिथं काय चुकत होती?"

लवूभाऊंनी पडद्यावरच्या त्या वळणावर बोट ठेवलं. "तिथं देव हाय," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"गाडी हळू करायची असते. हॉर्न द्यायचा असतो. ती करत नव्हती, म्हणून मी केलं."

स्वरूपनं कपाळाला हात लावला. "काका, हे आधी सांगायचं ना! तुम्ही हात घातलात की ती गाडीची चूक धरतात. कंपनीनं लिहिलं, घाटाच्या वळणावर गाडीवर भरवसा ठेवता येत नाही. हा रस्ताच सोडून दिला त्यांनी. आता सरळ, रुंद रस्ता शोधतायत, तिकडे गुजरातेत."

"परत मारू फेऱ्या," लवूभाऊ म्हणाले. "आता न्हाय लावणार हात. शप्पथ."

"मी सांगून बघितलं, काका. पैसे आणि माणसं, सगळं तिकडं वळलंय. इथं परत कधी येतील, येतील की नाही, कुणाला माहीत."

तो गेल्यावर मी विचारलं, "लवूभाऊ, एकदा तरी चुकली होती का ती तिथं?"

"एकदाही न्हाय, वयनी. सरळ गेली असती." मग स्वतःच्या उजव्या हाताकडे बघून म्हणाले, "देवाचं काय त्यात, असं मीच बोललो होतो ना? तोंड बोललं. पण ते वळण आलं की हा ऐकेना. एकाला नेलं, दुसऱ्याला नको नेऊ, एवढंच यायचं मनात."

बातमी स्टँडवर पोचली तशी काशीराम पेढे घेऊन त्यांच्या दारात. "लवू, मर्दा! मुद्दाम केलंस आणि आम्हाला कळू दिलं न्हायस! चाळीस घरं वाचवलीस." नंबर परत मिळाला, पाठीवर थापा पडल्या. लवूभाऊंनी पेढा हातात घेतला. मुद्दाम नव्हतं केलं, हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण ऐकायला कुणी थांबलंच नाही. ते परत स्टँडवर गेले नाहीत. जीप माडाखाली उभी असते. तिच्यावर झावळ पडली तीही कुणी काढलेली नाही.

आज गणपतीसाठी रितेश मुंबईहून निघाला. पहाटेपासून भाडी मारून, दुपारी चार माणसं घेऊन. दिवेलागणीला मी दूर्वा द्यायला गेले तर मखर तयार होतं, दमयंतीवहिनी आत मोदकांसाठी खोबरं खवत होती आणि लवूभाऊ पायरीवर मोबाईल घेऊन बसले होते.

"महाडला पोचलाय," म्हणाले. "आवाज जड वाटला. वयनी, फोन करू का परत? केला तर चालवताना बोलत बसेल. न्हाय केला तर डोळा लागेल."

दूर्वा आत दमयंतीवहिनीकडे दिल्या. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. त्यांचा अंगठा त्या नंबरावर जायचा आणि परत यायचा.