ही नोंद आपणच उघडून बसला आहात

तक्रारदार : मी, तहसील कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहिणारा. जिच्या वतीने : चोपड्याकडील एक केळी उत्पादक अक्का. ज्यांच्याविरुद्ध : जळगावजवळच्या, एका कंपनीच्या केळी खरेदी केंद्राचा कारकून व त्याच कंपनीच्या धुळे कार्यालयातला त्याचा जोडीदार. घटनेचा दिवस : मे महिन्यातला, भर उन्हाचा. साक्षीदार : ट्रकचालक. नावे मी मुद्दाम देत नाही. नावे दिली की माणसे नावांवर भांडतात आणि मुद्दा निसटतो.

अक्का केंद्रावरून रिक्षाने माझ्याकडे आली. "भाऊ, माल उन्हात शे. बठ्ठा भाजाई जाई. काही लिखी द्या ना." सगळा माल भाजून जाईल, ही तिची धास्ती; ताडपत्री घातलेला ट्रक केंद्राच्या दारात उभा होता. संगणकात तिची नोंद उघडल्याशिवाय केळी थंड खोलीत घेत नव्हते आणि नोंद सकाळपासून उघडत नव्हती. मी सहसा कोणासाठी बैठक सोडत नाही. त्या दिवशी अर्ज लिहिला आणि स्वतः घेऊन गेलो.

कारकुनाने पडदा माझ्याकडे वळवला. लिहिले होते, नोंद अन्यत्र उघडी असल्याने कुलूपबंद आहे; उघडणारा : केंद्रप्रमुख.

"केंद्रप्रमुख कोण?" मी विचारले.

"मीच, आबा."

"मग उघडा."

"मी बाहेर आहे ना. आत कोणीतरी मीच आहे."

हा वेडेपणा नव्हता, व्यवस्था होती. कंपनीने प्रत्येकाला वेगळे नाव व वेगळा पासवर्ड दिला होता. परंतु भावाभावांत पासवर्ड लपवणे बरे दिसत नाही म्हणून जळगाव आणि धुळे दोन्हीकडची मंडळी 'केंद्रप्रमुख' या एकाच नावाने बसत. "मन एक, पासवर्ड एक," तो अभिमानाने म्हणाला. कुलूप कोणी लावले हे कळण्याची वाट त्यांनी अशी प्रेमाने बुजवली होती.

त्याने प्रोग्राम बंद करून उघडला, संगणक बंद करून चालू केला, शेवटी वायरही उपटून पाहिली. संदेश तोच. शेजाऱ्याने आतून कडी लावली असता हा स्वतःचेच दार आपटत होता. "धुळ्याला फोन लावा," मी म्हणालो.

"त्यांची जेवणाची वेळ आहे."

"आणि केळीची भाजण्याची!"

अखेर त्याने स्पीकरवर फोन लावला. धुळेकर म्हणाला, "माझ्याकडे काही उघडं नाही. मी बंद करून घरी आलोय."

"काय बंद केलं?" मी मध्येच विचारले.

"स्क्रीन. बटण दाबलं, वर पंचा टाकला. धूळ बसते हो."

"अहो, पंचा टाकला की झोपायला तो काय पिंजऱ्यातला पोपट आहे?"

"तुम्ही कोण?"

"अर्जनवीस."

"मग अर्ज द्या," तो हसला. "ताक पिऊन निघतोच."

तो ताक पिऊन, उन्हे जराशी कलल्यावर कचेरीत पोचला. त्याने नोंद मिटली आणि त्याच क्षणी इकडे ती उघडली. "बघा, किती सोपं!" कारकून म्हणाला. माझा हात टेबलावर आपटला तो आवाज अजून माझ्याच कानात आहे.

ताडपत्री काढली तेव्हा वरच्या पेट्यांतली केळी काळवंडली होती. त्याच कारकुनाने माल नाकारला आणि शेऱ्यात टंकले : शेतकऱ्याने माल उन्हात ठेवला.

मी ते मोठ्याने वाचले. अक्का उठून उभी राहिली. "मी ठेवा? भाऊ, हाऊ काय लिखस?"

"खोडा ते," मी म्हणालो.

"जतन झालं, आबा. आता बदल धुळ्याहूनच होतो."

केळी गेली ती गेली. पण त्या शेऱ्यामुळे आता प्रत्येक तोडणीला तिच्या मालाकडे संशयाने पाहतात, तिला कडेला उभे करतात. सबब संबंधितांस विनंती की माल उन्हात कोणी ठेवला याचा लेखी खुलासा करावा, सदर शेरा रद्द करावा, आणि रद्द केल्याचे पत्र माझ्याकडे न पाठवता थेट अक्काच्या हाती द्यावे. वाचून मी दाखवीन.