शहागडला म्हातारपण पळवून लावताना

आमचे हे जायच्या आधीच त्यांनी शहागडच्या शिबिरात आमची दोघांची नावं नोंदवली होती. ‘दीर्घायुष्य आणि धाव, फक्त साठीपुढच्यांसाठी.’ एक दिवस शास्त्र, दुसऱ्या दिवशी दहा किलोमीटरची धाव. दीर्घायुष्य शिकायला हे उरले नाहीत, तरी मी गेले. भेटायला येणाऱ्यांसाठी चहा करून कंटाळले होते, एवढंच कारण.

संभाजीनगरहून बीडकडे जाणारी एसटी घ्या. रस्ता चौपदरी आहे, बायकांना अर्धं तिकीट. गोदावरीच्या पुलाअलीकडे उतरून ट्रकवाल्यांच्या हॉटेलात पिठलं-भाकरी खाऊन घ्या, कारण शिबिरात जेवण नसतं, प्रथिनं असतात. मला दुपारी चार उकडलेली अंडी आणि मोड आलेले मूग मिळाले.

शिबिर मोसंबीच्या बागेतल्या शेतघरात होतं. तिथे नावाआधी वय सांगतात, आणि लगेच मनगट पुढे करतात. “मी अडुसष्ट. पण घड्याळ म्हणतं, एकोणपन्नास.” वाढदिवसाची इतकी वाट बघणारे म्हातारे मी पहिल्यांदाच पाहिले. पासष्ट पूर्ण झाली की माणूस वरच्या वयोगटात जातो आणि तिथला सगळ्यात तरुण ठरतो. हेही यंदा जाणार होते. एक गृहस्थ सांत्वनाला आले. “फार वाईट झालं, वहिनी. आमच्याच गटात येणार होते ना?” चेहऱ्यावर दुःख खरं होतं. सुटका झाल्याचं समाधानही खरं होतं.

पुण्याहून आलेले डॉक्टर साधं बोलले. वयाबरोबर स्नायू झिजतात, म्हणून नुसतं पळू नका, वजनंही उचला. पुरेसं खा, झोपा, दोन धावांमध्ये जास्त विश्रांती घ्या. हे कुणालाच नको होतं. सगळे पावडरी आणि गोळ्या विचारत होते. मग बाहेर बर्फाचं पिंप तयार झाल्याची हाक आली आणि सभा उठली. बर्फ नदीकाठच्या मासेवाल्याकडून आणला होता. निवृत्त अधिकारी एकेक करून त्यात बसले आणि मासळीचा वास घेऊन तरुण होऊन बाहेर आले.

आत मी होते आणि एक आजोबा घोरत होते. डॉक्टरांनी शेवटचा मुद्दा आम्हा दोघांना सांगितला. कितीही तयार शरीर असलं तरी हृदयाच्या नसा तुंबू शकतात. पळताना छाती जड झाली, आणि पळत राहिल्यावर मोकळी झाली, तरी थांबा आणि तपासून घ्या.

संध्याकाळी गायकवाड सर भेटले. आष्टीचे, गणिताचे निवृत्त शिक्षक, यांचे पळण्यातले जोडीदार.

“वहिनी, या महिन्यात चढाला छाती जरा जड होऊन राह्यली. पण दीडेक किलोमीटर गेलं की बिलकुल मोकळी. जुनं इंजिन, गरम व्हायला टाइम लागतो.”

हेच वाक्य आमच्या घरात बोललं जायचं. हे तर ती युक्ती म्हणून इतरांना शिकवायचे. मी सरांना डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. ते हसले.

“आमच्या गटात तिघंच आहोत. नुसतं पोचलं तरी पदक! अन् तुम्ही मला घाबरवून राह्यल्या.”

सकाळी सगळे कालव्याच्या अरुंद रस्त्यावर रेघेमागे उभे होते, सर सगळ्यात पुढे. मी मोठ्यानं बोलणारी बाई नाही. सरांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले, एवढंच.

“सर, ज्या सकाळी गेले, त्या सकाळी हेही इंजिनच म्हणाले होते. छातीवरचा नंबर काढा.”

“वहिनी, तमाशा नका करू.”

“मी हलणार नाही.”

मागून आवाज आला, “ताई दुःखात आहेत, समजून घ्या.” शिट्टी वाजली. मी तिथेच. सगळ्यांनी घड्याळं सुरू केलेली, आणि पुढे रस्ता अडलेला. सहानुभूती तिथेच संपली. “ओ सर, बाजूला व्हा ना! आमचा टाइम चालू झालाय!” “काढा तो नंबर अन् मोकळे व्हा!” ज्या लोकांना शंभर वर्षं जगायचं होतं, त्यांना अर्धं मिनिट परवडेना. त्यांच्या आरडाओरड्यानं सर बाजूला झाले, नाहीतर माझं ऐकलं नसतं.

जीपनं आम्ही जालन्याला गेलो. सर अख्ख्या रस्त्यात एकदाच बोलले, “मंग काहीच निघालं न्हाई तर?” निघालं. दोन नसा तुंबलेल्या. त्याच दिवशी दाखल करून घेतलं.

सर आता आष्टीत बरे आहेत, आणि माझ्यावर चिडलेले आहेत. दर रविवारी सकाळी, हे पळायला निघायचे त्या वेळेला, त्यांचा फोन येतो.

“गटात दोघंच पळाले. तिसरं पदक आयोजक परत घेऊन गेले. तुमच्यामुळं.”

“हो सर.”

“अन् डॉक्टर नुसतं चालायला लावून राह्यलेत. शेळ्या पुढं निघून जातात माझ्या.”

“हो सर.”

पुढच्या रविवारी पुन्हा तेच, पहिल्यापासून. मी चहा करून घेऊनच फोन उचलते, कारण तक्रार लांबते. लांबू दे.